पिंजरा हा दिवसभराचा उपाय नव्हे



नवरा-बायको दोघेही कामावर जात असतील तर मस्तीखोर कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवण्यात काहीच गैर नाही, असे मत याच सदरातील पत्रात वाचले. फाटलेल्या गाद्या, कुरतडलेल्या वायरी हा त्रास खरा आहे. लहान पिल्लाला किंवा शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवणेही समजू शकते. पण रोज आठ-नऊ तास? हे मुळीच पटत नाही.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, त्यात भरदुपारी वीज गेली की पंखाही बंद. पत्र्याच्या खोलीत पिंजऱ्यात कोंडलेल्या जिवाने गारव्याला सरकायचे कुठे? आमच्या गल्लीतल्या लॅब्रेडॉरच्या नाकाची कातडी पिंजऱ्याच्या गजांवर घासून सोलली होती.

कायदाही स्पष्ट आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हे दोन्ही गुन्हेच.

मस्ती जिरवायची तर ऊन चढण्याआधी त्याला भरपूर पळवा. चपला, वायरी उचलून ठेवा आणि जाळी लावलेल्या ओसरीत मोकळे सोडा. गोणपाटात भाकरीचे तुकडे गुंडाळून दिले की तो हुंगत रमतो. दुपारी पाणी बदलायला शेजाऱ्यांना सांगा. एवढेही जमणार नसेल, तर असे पिल्लू घरी आणूच नये.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)