रेंज गेली की बंद पडणारं अ‍ॅप घेऊ नये



बंदी 31 जुलैला संपते. त्याच्या आधी जी सभा आहे तिच्यात संस्थेच्या मोबाइल अ‍ॅपचा विषय घेतलाय. फेरीची नोंद, पावणीचा हिशेब, डिझेल, बर्फ, खलाश्यांची यादी आणि कागदपत्रं, सगळं फोनवर आणायचं आहे. पैसे सभासदांचे जाणार आहेत, म्हणून आमचं मत सभेआधीच मांडतो. हात वर करायच्या आधी विचार करायला वेळ मिळावा एवढंच.

आमचं मत सरळ आहे. नेट नसताना जे अ‍ॅप चालत नाही ते फुकट दिलं तरी नको.

आपला धंदा जिथे होतो तिथे रेंज नाही. हे आम्हीच म्हणतो असं नाही, सरकारनेही मान्य केलंय. 2019 च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या इन्कॉइसचं 'जेमिनी' यंत्र आलं, तेव्हा कारण हेच दिलं होतं, की किनाऱ्यापासून 10-12 किलोमीटरच्या पुढे गेलेल्या होडीला मोबाइलवरून इशारा पोचत नाही. ते यंत्र उपग्रहावरून इशारा घेतं आणि ब्लूटूथने फोनला देतं, पण आपल्याकडून परत काही जात नाही. पुढे 2024 च्या ऑगस्टमध्ये पालघरहून 1 लाख होड्यांना ट्रान्सपाँडर देण्याची योजना सुरू झाली. त्यात दोन्ही बाजूंनी निरोप जातो, पण तो छोटा निरोप. वादळ, सीमा, मदत यासाठी ते पाहिजेच, त्यात दुमत नाही. पण बांगड्याचे क्रेट किती आणि बर्फ किती उरला हा हिशेब त्यावरून होणार नाही. तो आपल्या फोनलाच करावा लागेल, आणि रेंजशिवाय.

हे अवघड काही नाही. व्हॉट्सअ‍ॅप बघा. रेंज नसताना निरोप पाठवला की बाजूला घड्याळाची खूण येते. निरोप फोनमध्येच थांबतो आणि रेंज आली की आपोआप जातो. चांगलं अ‍ॅप तसंच चालतं. नोंद आधी फोनच्या पोटात लिहायची, तिथून ती वेळ मिळेल तेव्हा संस्थेकडे जाईल. फोनच्या पोटात नोंदी ठेवायला एसक्यूलाइट नावाची वही जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आधीपासूनच असते. तांडेल काय करतो? समुद्रात वहीत लिहितो, धक्क्यावर आल्यावर सांगतो. अ‍ॅपने यापेक्षा कमी काम करू नये.

काही जण विचारतात, मग व्हॉट्सअ‍ॅपच का नको? कारण त्याला बेरीज येत नाही. सीझनभराचे फोटो आणि आवाज ऐकत शेवटी हिशेब कोण लावणार?

एका कंपनीने मधे ऑफिसात येऊन अ‍ॅप दाखवलं. रंग छान, चित्रं छान. आम्ही वायफाय बंद करायला सांगितलं, आणि पडद्यावर गोल फिरत राहिलं. "नेट आता सगळीकडे असतं" असं उत्तर आलं. त्यांना एकदा कप्त्याच्या दिवसात रात्री होडीवर न्यायला हवं. असो.

पण नेटशिवाय चालतं म्हटलं की काम संपलं, असंही नाही. खरी मेख पुढे आहे, आणि ती डिझेलमध्ये आहे.

समजा एका ट्रॉलरच्या खात्यावर 300 लिटर शिल्लक आहे. मालकाच्या फोनवर 300 दिसतं, तांडेलाच्या फोनवरही 300. दोघांनाही नेट नाही. तांडेल 250 लिटरची चिठ्ठी करतो, मालक दुसरीकडे 200 ची करतो. दोन्ही फोनांच्या मते सगळं बरोबर. रात्री दोघे रेंजमध्ये आले की खात्यावर उणे 150. आता भांडण कोणाशी? संस्थेशी. डिझेलच्या व्हॅटचा परतावा मागायचा तर नोंदी चोख लागतात, तिथे असा घोळ परवडत नाही. म्हणून शिल्लक ठरवायचा हक्क एकाच जागी हवा, पंपावरच्या मशीनवर. बाकी फोनांनी फक्त मागणी लिहावी, आणि शिल्लक दाखवताना खाली 'काल संध्याकाळी 6 वाजताची' असं स्पष्ट लिहावं. जुना आकडा ताजा म्हणून दाखवणारं अ‍ॅप हे बंद अ‍ॅपपेक्षा वाईट.

पावणीचं वेगळं. तांडेलाने समुद्रात 40 क्रेट लिहिले, धक्क्यावर आमच्या माणसाने 38 मोजले. स्वस्तातली बरीच अ‍ॅपं काय करतात, जी नोंद शेवटी पोचली ती ठेवतात आणि आधीची पुसतात. म्हणजे ज्याचा फोन उशिरा रेंजमध्ये आला त्याचं खरं! आम्हाला दोन्ही नोंदी दिसायला हव्यात, फरक लाल रंगात, आणि दोघांनी समोरासमोर बसून मिटवल्यावर तिसरी दुरुस्तीची नोंद. पुसायचं काहीच नाही. आपल्या जुन्या रोजमेळात खाडाखोड चालत नव्हती, चुकलं तर खाली दुसरी ओळ लिहायचो, तोच नियम.

फोन दोन जातींचे आहेत. मालकांच्या पोरांकडे आयफोन आलेत, खलाश्यांकडे साधे अँड्रॉइड, तेही काचेला तडा गेलेले. दोघांसाठी वेगवेगळं अ‍ॅप लिहून घेतलं तर खर्च दुप्पट, आणि पुढची प्रत्येक दुरुस्तीही दोनदा. फ्लटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अशी साधनं आहेत, त्यात एकदा लिहिलेलं बहुतेक काम दोन्हीकडे चालतं. कंपनीला हे विचारावं. पण 'एकदाच लिहिलंय' म्हणून एकाच फोनवर तपासून देऊ नका हेही सांगावं. अ‍ॅप मागे ठेवलं की नोंद कधी पाठवायची हे आयफोन स्वतःच्या मर्जीने ठरवतो, आणि काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपच झोपवून टाकतात. म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरात 'न पाठवलेल्या नोंदी: 4' असं दिसलं पाहिजे, आणि बाजूला 'पाठवा' बटण. नाहीतर फोन पाण्यात पडल्यावर कळेल की तीन फेऱ्या त्याच्याबरोबर बुडाल्या. ओल्या बोटांना काच दाद देत नाही, हे आपल्याला सांगायला नको. बटणं मोठी हवीत, आणि मजकूर मराठी-कोंकणीबरोबर हिंदी-ओडियातही हवा. होडीवर काम कोण करतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आता नाजूक विषय. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, तो उपग्रहावरून येतो. नकाशा आधी उतरवून ठेवला तर फोन भर समुद्रातही जागा दाखवतो. हे उपयोगाचं आहे. पण तोच फोन आपण जाळं कुठे टाकलं तेही लिहून ठेवतो, आणि धक्क्यावर आला की सगळं संस्थेकडे पाठवतो. मासळीची जागा हा प्रत्येक मालकाचा खजिना, काहींना तो वाडवडिलांकडून मिळालाय. तो संस्थेच्या ऑफिसातही उघडा पडू नये, कंपनीच्या सर्व्हरवर तर नाहीच. आमचं म्हणणं, जाळ्याची जागा मालकाच्या फोनमध्येच कुलुपात राहावी. होडी वेळेवर परतली नाही तर शोधायला कुठल्या बाजूला गेली ते लागतं, तेवढं निघताना धक्क्यावर नोंदवावं. काही सभासदांना हे पटणार नाही, सगळी वाट नोंदली तर शोध सोपा होईल असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण त्या कामाला ट्रान्सपाँडर आहे. त्यावर सभेत बोलूया. करारात मात्र एवढं हवंच, की नोंदी सभासदांच्या आहेत आणि कंपनी बदलली तर सगळ्या परत मिळतील, उघडता येतील अशा रूपात.

खलाश्यांच्या आधारकार्डाचे फोटो फोनमध्ये राहणार, तेव्हा फोन हरवला तर संस्थेतून तो हिशेब बंद करता आला पाहिजे. अर्थात तो फोन पुन्हा नेटवर आला तरच. म्हणून अ‍ॅपला स्वतःचा पिन हवा, आणि फोटो साध्या गॅलरीत नकोत.

खर्च वाढेल, कबूल. नेटशिवाय चालणारं, आणि दोन नोंदींचा मेळ घालणारं काम सोप्या अ‍ॅपपेक्षा महाग पडतं. पैसे कमी पडले तर डिझेल आणि फेरी एवढंच आधी करावं, बर्फ आणि बाकी पुढच्या वर्षी. आणि पहिला सीझन कागदाची वही बंद करायची नाही.

दोन्ही कंपन्यांना आम्ही कळवलंय की अ‍ॅप सभेत आपल्या सभासदांच्या फोनवर, फ्लाइट मोड लावून दाखवायचं. बंदीत ट्रॉलर बाहेर काढता येत नाही, पण फ्लाइट मोडला समुद्र लागत नाही. तर घरातला सगळ्यात जुना, सगळ्यात हळू चालणारा फोन सभेला घेऊन या. चार्ज करून आणा. तांडेलांनी तर यावंच, रोज हाताळणार ते आहेत. डिझेलचा कोणाचा जुना घोळ मिटायचा राहिला असेल तर पावत्याही बरोबर आणा, त्याच आकड्यांवर अ‍ॅप तपासून बघू.