छप्पर आहे, पण कोणाच्या मालावर?

मसाल्याच्या जुन्या बाजारांवरची मराठी प्रवासवर्णनं वाचून मला कंटाळा आलाय. कमानी, सुगंध, रंगांचे ढीग आणि विक्रेत्याने पाजलेला चहा. छपराबद्दल कोणी लिहीत नाही.

इस्तंबूलचा इजिप्शियन बाजार मीही पाहिलाय. 1660च्या दशकातलं बांधकाम. शेजारच्या येनी मशिदीचा खर्च दुकानांच्या भाड्यातून निघावा म्हणून उभारलेलं. आत हळदीचे पिवळे शंकू रचलेले. तिथे तिला झेर्देचाल म्हणतात. सगळे फोटो काढत होते. मी वाशिम जिल्ह्यातला, मी वर बघत होतो. मालावर थेंब पडू नये याची सोय साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलेली!

‘आपल्याकडे असा वारसा नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी कारंज्याला जावं. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली तिथे सुरू झाला. वऱ्हाड निजामाचा, कारभार इंग्रजांचा, आणि काळजी कोणाची? मँचेस्टरच्या गिरण्यांची. त्यांना चोख कापूस वाजवी दरात हवा होता. म्हणजे बाजाराची आखणीच घेणाऱ्याच्या सोयीने झाली. विकणाऱ्यासाठीचे कायदे पुढे आले, पण ती जुनी सवय अजून गेलेली नाही.

आता आमच्याकडे हळद पिकते. जूनच्या आसपास लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, कांडी वेगळी, गट्टू वेगळा. एवढं करून एप्रिल-मेमध्ये ती बाजारात येते. नेमका अवकाळीचा मोसम! भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते, हर्रासात बोली कोसळते. आणि मोजमाप होईपर्यंत माल शेतकऱ्याचा, म्हणजे नुकसानही त्याचंच.

शेड नाहीत असं नाही. टिनाची का होईना, आहेत. पण अनेक बाजार समित्यांत त्यांच्याखाली व्यापाऱ्यांनी खरेदी केलेल्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, आणि शेतकऱ्याचा ढीग बाहेर, उघड्या ओट्यावर. ताडपत्रीही त्यानेच घरून आणायची.

मे 2025 मधला मानोऱ्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पावसात वाहून चाललेला भुईमूग दोन्ही हातांनी अडवणारा तरुण शेतकरी. तुम्ही हळहळलात, शेअर केलात. केंद्रीय कृषिमंत्र्यांचा त्याला फोनही आला. ज्यांचा व्हिडिओ निघाला नाही, त्यांना कोणाचा फोन येणार?

नवी भव्य इमारत कोणी मागत नाहीये, हेरिटेज वॉक तर नकोच. मागणी साधी आहे: खरेदी झालेला माल शेडखालून चोवीस तासांत उचला. नाही उचलला, तर पोत्यामागे रोजचं भाडं लावा आणि त्या पैशातून ताडपत्र्या घ्या. इस्तंबूलच्या दुकानांच्या भाड्यातून मशीद चालत होती. आमच्या बाजार समितीला एवढं जमायला हरकत नाही.