इंग्रजीचा शिक्षक पासपोर्टवरून ठरवू नये

कराडच्या एखाद्या मुलीने इंग्रजीत एम.ए. आणि पुढे बी.एड. केले, आणि परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे म्हटले, की घरीदारी एकच शेरा ऐकू येतो : ज्यांची ती भाषा, त्यांनाच लोक बोलावणार, तुला कोण विचारतो? हा शेरा केवळ वडीलधाऱ्यांचा असता तर सोडून देता आला असता. पण दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-2 व्हिसा इंग्रजीपुरता मुळात सातच देशांच्या नागरिकांसाठी ठेवलेला आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीमागे एक गृहीतक आहे. भाषा जन्माने मिळते, आणि जी जन्माने मिळाली ती शिकवताही येते. हे गृहीतक पुराव्यावर टिकत नाही, तरीही आपण ते मुकाट्याने मान्य करून बसलो आहोत.

या गृहीतकाचे खंडन यादीतच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या 2011 च्या जनगणनेत इंग्रजी ही घरात बोलायची पहिली भाषा असलेले लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते. तिथे झुलू आणि खोसा या कितीतरी जास्त घरांच्या भाषा आहेत. तरीही तो देश यादीत आहे, आणि तो असावाच. कारण तिथला तरुण इंग्रजीतून शिकतो, इंग्रजीत कारभार करतो. पण मग निकष मातृभाषेचा राहिला नाही, शिक्षणाचा आणि वापराचा झाला. तोच निकष भारताला लावा. 1963 च्या राजभाषा कायद्याने केंद्राच्या कारभारात इंग्रजीचा वापर चालू ठेवला, आपली उच्च न्यायालये इंग्रजीत निकाल देतात, आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे 12.9 कोटी लोकांनी पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी नोंदवली. एकाला शिक्षणावरून आत घ्यायचे आणि दुसऱ्याला मातृभाषेवरून बाहेर ठेवायचे, याला नियम म्हणत नाहीत.

आता शिक्षणशास्त्राकडे वळू. आदर्श इंग्रजी शिक्षक जन्मजात इंग्रजी बोलणाराच असतो, या समजाला 1961 साली युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनावर झालेल्या राष्ट्रकुल परिषदेने मोठे बळ दिले. भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात तो समज म्हणजे निव्वळ भ्रम असल्याचे मांडले, तर पीटर मेजेश यांनी 1994 मध्ये भाषा शिकून मिळवलेल्या शिक्षकाची स्वतंत्र बलस्थाने दाखवून दिली. ती बलस्थाने वर्गात लगेच दिसतात. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते, मराठीतही शेवटीच. मराठी नामाला जसे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मागून लागतात, तसेच तिथेही संबंध दाखवणारे शब्द नामामागून येतात. 'ए', 'ॲन', 'द' ही उपपदे दोन्हीकडे नाहीत. त्यामुळे कोरियन मूल उपपद गाळते तेव्हा ते का गाळते, हे मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षिकेला सांगावे लागत नाही. ती स्वतः याच खाचखळग्यांतून गेलेली असते. ज्याला उपपद न शिकताच आले, त्याला ती चूक दिसते. तिचे मूळ शोधायला वेगळे प्रशिक्षण लागते.

यावर पहिला आक्षेप उच्चारांचा. मुलांना 'अस्सल' उच्चार हवेत, असे पालक म्हणतात. पण ग्लासगो, डब्लिन आणि टेक्सास यांचे उच्चार तरी एक कुठे आहेत? शिवाय ही मुले उद्या कोणाशी इंग्रजी बोलणार आहेत? रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाई आली. तिथे कोरियन अधिकारी आणि मराठी अभियंता यांच्यात इंग्रजी चालते, आणि त्यात लंडनचा माणूस कुठेच नसतो. सुस्पष्ट, समजणारे उच्चार हवेत, हे मान्य. ते मुलाखतीत आणि नमुना पाठात ऐकून घ्यावेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कोणाला व्हिसा द्यायचा हा त्या देशाचा सार्वभौम अधिकार. आहेच. पण सार्वभौम देश करारही करतात. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला, आणि त्यात पदवी व इंग्रजी अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून येण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे पासपोर्टाऐवजी पात्रता पाहता येते, हे खुद्द कोरियानेच मान्य केले आहे. ही वाट अरुंद आहे, सहायक पदापुरतीच आहे. पण ती रुंद करण्याचे काम आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांचे. जपानमध्ये अडचण वेगळी. तिथल्या शाळेत भाषा शिकवायला येणाऱ्याने त्याच भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे, अशी अट आहे. रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी स्थापन झाली. तिच्या मराठी शाळांतून वर आलेला इंग्रजीचा उत्तम शिक्षक या अटीत बसत नाही, आणि इंग्रजी माध्यमात कशीबशी बारा वर्षे काढलेला बसतो. शाळेच्या माध्यमापेक्षा भाषेची परीक्षा घेतली, तर हा अन्याय आपोआप टळेल.

तिसरा आक्षेप घरचाच : आपल्या बी.एड.वाल्यांचे इंग्रजी तरी कुठे चांगले आहे? काहींचे नाही, हे खरे. पण म्हणूनच परीक्षा हवी. कच्च्या उमेदवाराला चाळणी अडवते. पासपोर्ट कच्च्या-पक्क्या दोघांनाही सारखाच अडवतो. शिवाय सरळ वाट बंद दिसली की आडवाटेचे एजंट फोफावतात. 'आधी पर्यटक व्हिसावर जा, कामाचे नंतर बघू' हा त्यांचा ठरलेला सल्ला असतो. तो ऐकणारा तिथे बेकायदा कामगार ठरतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार भरती एजंटाकडे नोंदणी प्रमाणपत्र असावे लागते, आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. ही दोन वाक्ये प्रत्येक बी.एड. महाविद्यालयाच्या फलकावर असायला हवीत.

राहिला शिक्षक परदेशी गेल्याने इथल्या शाळा ओस पडण्याचा प्रश्न. जिथे माध्यमिक शाळेचा शिक्षणसेवक 2023 पासून वाढवलेल्या 18,000 रुपये मानधनावर तीन वर्षे काढतो, आणि नेट-सेट झालेले लोक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबतात, तिथे शिक्षकांचा तुटवडा परदेशी व्हिसामुळे होत नाही. उलट वर्ष-दोन वर्षे परदेशी वर्ग सांभाळून आलेला शिक्षक इथल्या शाळेलाही हवाच आहे.

तेव्हा मागणी सवलतीची नाही, एका मापाची आहे. पदवी, अध्यापनाची पात्रता, भाषेची परीक्षा आणि प्रत्यक्ष पाठ या चार गोष्टी साऱ्या देशांच्या उमेदवारांना सारख्याच लावा. कोरियाबरोबरच्या कराराच्या फेरविचारात हा मुद्दा भारताने संगणक अभियंत्यांच्या मुद्द्याइतक्याच जोराने मांडावा. आणि कराडच्या उमेदवाराने, आपण इंग्रज नाही म्हणून, अर्जच न करण्याची सवय सोडावी. चाळणीत गळालो तर ती आपली उणीव. पण चाळणीपर्यंत पोहोचणे हा आपला हक्क आहे.