जमिनीचा दलाल कोणाचा?

२०२० साली आपल्या संसदेने जमीनजुमल्याच्या दलालांसाठी एक स्वतंत्र कायदा संमत केला. 'रिअल इस्टेट एजंट ऑथॉरिटी ॲक्ट' असे त्याचे नाव. दलालांवर देखरेख ठेवणारे प्राधिकरण या कायद्याने निर्माण झाले आणि नोंदणीवाचून कोणी हा धंदा करू नये असा दंडक घातला गेला. त्याआधी या व्यवसायाला खास असा कायदाच नव्हता. खिशात टेलिफोन आणि जिभेवर साखर असली की माणूस कुर्त्ये झाला! नोटरी व्हायचे तर कायद्याचे शिक्षण आणि परीक्षा लागते. जमीन मोजणाऱ्या सर्व्हेयरला शपथ घ्यावी लागते. पण सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी किंवा विक्री ज्याच्या शब्दावर होते, त्याला मात्र यापैकी कशाचीच गरज नव्हती.

कायदा झाला हे चांगलेच झाले. परंतु तो कोणत्या काळात झाला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये मॉरिशसला आपल्या करड्या यादीत घातले. त्या यादीतून आपण बाहेर पडलो ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधल्या काळात सरकारची जी धावपळ झाली ती साऱ्यांनी पाहिली. ग्राहकाची ओळख पटवून घ्या, त्याचा पैसा कुठून आला ते विचारा, कागद सात वर्षे जपून ठेवा, संशय आला तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवा, ही कर्तव्ये दलालांवर आली आहेत. तामारिन किंवा ग्रां बे येथे परदेशी गृहस्थ समुद्रकाठी बंगला घेतो तेव्हा हे सारे आवश्यकच आहे. पण ज्या आजीची वीस पेर्श जमीन विकायला निघाली आहे तिच्याजवळ काळा पैसा नसतो. तिला भीती वेगळीच असते. आपल्या दारात आलेला हा गोड बोलणारा माणूस आपला आहे की समोरच्याचा, हे तिला कळत नाही. आमच्या मते दलालांच्या नीतीचा खरा प्रश्न येथेच आहे.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर हा प्रश्न जुना आहे. १८८० नंतर साखरेचा भाव कोसळला आणि मोठ्या इस्टेटींच्या मालकांनी आपल्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्यालाच इतिहासात 'ग्रां मोर्सेलमाँ' म्हणतात. कोकणातून गिरमिटावर आलेल्यांच्या मुलाबाळांनी ऊस तोडून, गाई पाळून साठवलेल्या पैशातून हप्त्याहप्त्याने ते तुकडे घेतले. त्या व्यवहारातही मध्यस्थ होते आणि त्यांतले पुष्कळसे आपल्यासारखेच हिंदी सिरदार आणि ठेकेदार होते. त्यांच्यामुळे जमीन मिळाली हे खरे, आणि त्यांनी आपला हिस्सा भरपूर काढून घेतला हेही खरे.

त्या जमिनींचे पुढे काय झाले? वाक्वा, कास्काव्हेल, बांबू येथील कितीतरी घरांत आज्याच्या नावची जमीन आजही तशीच सामाईक पडून आहे. वाटणी झालेली नाही. एका नातवाने घर बांधले, दुसऱ्याने भाजी लावली, तिसरा इंग्लंडला गेला, चौथा फ्रान्सला. त्यात आपल्या नावांचा घोळ! सरकारी वहीत भिवाजी, बाबाजी, रामजी अशी बापाची नावेच आडनावे होऊन बसली. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी पडली, एकच नाव तीन तऱ्हेने लिहिले गेले. धर्मविधीने लागलेले लग्न सरकारदरबारी नोंदलेले नसे, त्याची अडचण वेगळीच. वारस कोण कोण, हे शाबीत करणे हेच मोठे काम होऊन बसते.

अशा घरी दलाल येतो. विशेषतः पश्चिमेकडे, जेथे २०१५ च्या योजनेनंतर उसाच्या शेतांत स्मार्ट सिटीचे रस्ते उठू लागले आणि पेर्शाचा भाव लोकांच्या तोंडी खेळू लागला, तेथे तो हमखास येतो. तो सगळ्या वारसांना एकत्र बसवीत नाही. तो एकाला गाठतो, बहुधा ज्याला पैशाची नड आहे त्याला. आपल्याकडे चालणाऱ्या फ्रेंच दिवाणी कायद्यात कोणालाही सामाईकीत राहण्याची सक्ती नाही. एका वारसाचा अविभक्त हिस्सा परक्याने विकत घेतला की तो परका सहमालक होतो, आणि वाटणी जुळली नाही तर सबंध जमीन कोर्टात लिलावाला आणू शकतो. ज्या भावाने घर बांधले त्याला हे कळते ते कोर्टाचा कागद हाती पडल्यावर. यात बेकायदेशीर असे काहीच नसते. दलाल नोंदलेला असेल, पावती देईल, सात वर्षे कागदही ठेवील. तरी त्याने जे केले त्याला आम्ही सचोटी म्हणणार नाही.

आता दलालीचे पाहू. आपल्याकडे प्रघात असा की विकणाऱ्याकडून शेकडा दोन आणि घेणाऱ्याकडूनही शेकडा दोन घ्यायचे, वर व्हॅट वेगळा. जमीन पन्नास लाखांची असली तर एका लाखाचे दोन लाख झाले. मेहनतीचा मोबदला घेण्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जो दोघांकडून घेतो तो दोघांचा वकील असू शकत नाही. विकणाऱ्याला जास्तीत जास्त हवे, घेणाऱ्याला कमीत कमी द्यायचे आहे. मधल्याला फक्त सौदा लवकर व्हावा एवढेच हवे असते. म्हणून पहिल्याच भेटीत त्याने लेखी सांगावे की मी कोणाकडून किती घेणार आहे, आणि या जमिनीत माझा किंवा माझ्या नातेवाइकाचा स्वतःचा हात आहे की नाही. दलाल स्वतःच मेहुण्याच्या नावाने स्वस्तात घेतो आणि सहा महिन्यांनी विकतो, ही गोष्ट आपल्या गावांत कोणाला नवी नाही.

याहून वाईट एक सल्ला सर्रास दिला जातो. "खरी किंमत कागदावर कशाला लिहिता?" विकत घेणाऱ्याला शेकडा पाच नोंदणी कर, विकणाऱ्याला शेकडा पाच जमीन हस्तांतरण कर. पन्नासचे तीस लिहिले की दोघांचा एकेक लाख वाचतो, असा हिशेब मांडला जातो. सरकारचे मूल्यमापन खाते ही किंमत अमान्य करू शकते, मग कर आणि दंड दोन्ही आले, हा एक भाग झाला. पण सामाईक जमिनीत त्याहून मोठी फसवणूक होते. कागदावर तीस लाख असले तर लंडनमधल्या बहिणीला तीस लाखांतलाच हिस्सा मिळतो. उरलेले वीस लाख टेबलाखालून गेले, ते ज्याने हात पुढे केला त्याचे. सरकारला चकवले असे वाटते आणि प्रत्यक्षात चकवली जाते ती सख्खी बहीण. असा सल्ला देणाऱ्या दलालाची नोंदणी त्याच दिवशी रद्द झाली पाहिजे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

विसाराची रक्कमही दलालाच्या हाती देऊ नये. ती नोटरीकडे ठेवावी. आणि विक्रीच्या वचनपत्रावर सही करताना "ही तर नुसती चिठ्ठी आहे" या शब्दावर भुलू नये. वस्तू आणि किंमत यांवर दोघांची संमती झाली की ते वचन विक्रीइतकेच बांधते, हा आपल्या दिवाणी कायद्याचा जुना नियम आहे.

पात्रतेचा मुद्दा आम्ही यासाठी काढतो की चांगली नियत असलेला दलालही अज्ञानाने घर बुडवू शकतो. समुद्रकाठचा 'काँपमाँ' दाखवताना ती जमीन 'पा जेओमेत्रिक' आहे, म्हणजे ८१.२१ मीटर रुंदीच्या सरकारी पट्ट्यातली, हे त्याला ठाऊक पाहिजे. अशी जमीन विकत मिळत नाही. मिळतो तो भाडेपट्टा, आणि त्याची किती वर्षे उरली आहेत हाच खरा प्रश्न. १९९० च्या मोर्सेलमाँ कायद्याप्रमाणे तुकडे पाडण्याचा परवाना आहे की नाही, तुकड्याला पीन क्रमांक मिळाला आहे की नाही, मालकी खरेदीखताची आहे की तीस वर्षांच्या कब्जाच्या शपथपत्राची, हे त्याने जागा दाखवण्यापूर्वी पाहिले पाहिजे. शेवटचा प्रश्न तर फारच नाजूक. अशा शपथपत्रांच्या जोरावर गरिबांच्या जमिनी कशा गेल्या, त्याच्या तक्रारी २०११ साली अहवाल देणाऱ्या सत्य आणि न्याय आयोगापुढे शेकड्यांनी आल्या होत्या.

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. तेथे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण दलालांची नोंदणी करते, आणि २०२३ साली त्याने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आपल्या प्राधिकरणानेही परीक्षा घ्यावी. ती केवळ पैशाच्या धुलाईवर नसावी. वारसाहक्क, सामाईक मालकी आणि नोंदणी कचेरीतला शोध यांवर असावी. ओघाने आणखी एक सांगतो. पूर्वजांच्या मातीची ओढ दाखवून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले भूखंड आपल्याला विकू पाहणारे दलालही अधूनमधून भेटतात. मुंबई-पुण्यात राहते घर घेण्यास भारतीय वंशाच्या ओसीआय कार्डधारकाला मुभा आहे, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर शेती असेल तर आंब्याच्या कलमांचे फोटो कितीही सुंदर असोत, पैसे पाठवू नयेत.

प्राधिकरणाकडे आमची मागणी मोठी नाही. नोंदलेल्या दलालांची यादी गावोगावच्या व्हिलेज कौन्सिलमध्ये लावावी. दलालाने पहिल्या भेटीत द्यायचा एक पानी कागद क्रियोलमध्ये छापावा आणि त्यात 'मी कोणाच्या वतीने बोलतो, कोणाकडून किती घेतो' ही ओळ सर्वांत वर असावी. सामाईक जमीन असेल तर साऱ्या ज्ञात वारसांना लेखी कळवल्याशिवाय दलालाने एकाचाही हिस्सा बाजारात आणू नये, असा नियम आचारसंहितेत घालावा.

आणि आपल्या मंडळ्यांनी तोवर थांबू नये. गणेश चतुर्थीला इंग्लंड-फ्रान्समधली मुलेही घरी येतात. त्या दिवसांत एका संध्याकाळी गावच्या सभागृहात नोटरी आणि सर्व्हेयर यांना बोलवावे. येणाऱ्यांनी आज्याचे खरेदीखत, जन्म-मृत्यूचे दाखले आणि आडनाव कोणाचे कसे लिहिले गेले त्याची यादी बरोबर आणावी.