पालकाला व्हॅम कशासाठी?

परळ-लालबागच्या एखाद्या सोसायटीला इमारतीमागच्या पट्टीत भाजी लावायची असली, की आपल्यापैकी अनेक सल्लागार माती न तपासताच व्हॅमचे, म्हणजे मुळांत वस्ती करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे, पाकीट सुचवतात. मायकोरायझा जड धातूंना आवर घालते, हे त्यामागचे कारण. कारण खरे आहे, सल्ला अर्धवट आहे.

या भागाने शतकभर गिरण्यांचा धूर आणि राख झेलली. शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले तेच २००० साली. शिसे कुजत नाही, जागचे फारसे हलतही नाही. तरी मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत शिसे नाही आणि कॅडमियमही नाही. ही तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते.

बुरशीचे काम विलक्षण आहे यात वाद नाही. तिचे तंतू मुळांच्या केसांहूनही बारीक. धातू त्यांच्या भित्तिकांना चिकटतात, काही आतल्या रिक्तिकांत अडकून पडतात, आणि पाना-फळांपर्यंत बहुधा कमी पोहोचतात. जमिनीत जस्त तोकडे असेल तर हीच बुरशी ते रोपाला मिळवून देते. अति झाले तर रोखते. पण धातू नाहीसा होत नाही. तो मुळांत आणि मातीत राहतोच.

खरी गोम पिकात आहे. मुळा, कोबी, मोहरी आणि पालक यांच्या मुळांत ही बुरशी जवळपास वस्तीच करत नाही. माठातही तिचे बस्तान क्वचितच बसते. मुंबईत रुळांच्या कडेला सांडपाण्यावर वर्षानुवर्षे पिकली ती नेमकी पालक, माठ आणि मुळ्याची भाजी. त्यात पालक कॅडमियम पानांत सहज ओढून घेतो. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, मेथी यांच्याशी मात्र बुरशीचे छान जमते. तिथेही व्हॅमसोबत सढळ हाताने डीएपी किंवा हाडांचा चुरा टाकला, तर स्फुरदाने तृप्त झालेले रोप बुरशीला थारा देत नाही. पानांवर बसलेल्या रस्त्याच्या धुळीवर तर बुरशीचा काहीच इलाज नाही. तिथे भाजी नीट धुणे हाच उपाय.

म्हणून पाकीट विकण्याआधी मातीचा अहवाल मागा आणि पीक विचारा. शिसे जास्त निघाले, तर पालेभाजी जमिनीत नकोच. बाहेरून आणलेल्या, तपासलेल्या मातीचे उंच वाफे करा. जमिनीत झेंडू लावा. व्हॅम त्याला मानवते आणि तो कुणी खात नाही. फक्त त्या फुलांचे निर्माल्य आणि उपटलेली रोपे भाजीच्या कंपोस्टमध्ये जाऊ देऊ नका.