पहिली मोटार आणि विम्याचा हिशेब



दसरा-पाडवा जवळ आला की नाचणगाव-पुलगावच्या व्यापारी घरांतून एक विषय हमखास निघतो. मुलगा आता दुकानावर बसू लागला आहे. घरात पहिली मोटार घ्यावी, पण कोणती? चर्चा रंग, मायलेज आणि हप्ता यांभोवती फिरत राहते. विमा मात्र शोरूममधील अखेरच्या कागदावर, सहीच्या घाईत समोर येतो. वास्तविक मोटार दारात उभी असेपर्यंत हा खर्च येतच राहणार, आणि तो किती असेल याचा बराचसा निर्णय मोटार निवडतानाच होऊन जातो.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा, म्हणजे थर्ड पार्टी; तो कायद्याने बंधनकारक आहे. दुसरा आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा; तो ऐच्छिक आहे. पहिल्याचा दर सरकार ठरवते आणि तो सर्व कंपन्यांचा सारखाच असतो. दुसऱ्याचा दर २००७ सालापासून कंपन्या आपापल्या ठरवतात. म्हणून चौकशी आणि घासाघीस करायची ती या दुसऱ्या भागात.

थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या आकारावर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये पडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो अनुक्रमे ६,५२१, १०,६४० आणि २४,५९६ रुपये होतो. वर १८ टक्के जीएसटी.

उदाहरण घेऊ. वॅगन-आर ही एकच मोटार ९९८ सीसी आणि १,१९७ सीसी अशा दोन इंजिनांत मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच. परंतु तीन वर्षांच्या थर्ड पार्टी विम्यात करासह सुमारे ४,८६० रुपयांचा फरक पडतो. अल्टो के-१०, सेलेरिओ, क्विड या १,००० सीसीच्या आतल्या. स्विफ्ट आणि टियागो पुढच्या गटातल्या. विजेच्या मोटारींचा दर मोटरच्या किलोवॅटवर ठरतो आणि तो तुलनेने कमी ठेवलेला आहे. दुकान ते वर्धा आणि फार तर नागपूर, इतकाच ज्यांचा नित्य प्रवास आहे, त्यांनी हा आकडा अवश्य पाहावा.

ब्रिटनमध्ये नवशिक्या तरुणाला विमा फार महाग पडतो, कारण तेथे चालकाचे वय आणि अनुभव पाहिला जातो. आपल्याकडे दर मुख्यतः वाहनावर ठरतो. परंतु चालकाकडे वैध परवाना नसेल, तर दाव्याच्या वेळी तोच मोठा अडथळा ठरतो.

स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मोटारीच्या विमा-मूल्यावर, म्हणजे आयडीव्हीवर आकारला जातो. नव्या मोटारीला किमतीच्या ९५ टक्के मूल्य धरतात. दुसरे वर्ष संपताना ते ८० टक्क्यांवर आणि पाचवे संपताना ५० टक्क्यांवर येते. हप्ता कमी दिसावा म्हणून हे मूल्य खाली दाखवण्याची सूचना काही एजंट करतात. ती स्वीकारू नये. मोटार चोरीला गेली अथवा पूर्ण निकामी झाली, तर भरपाई त्याच आकड्यावर मिळते. या भागाच्या दरासाठी मुंबई, पुणे, नवी दिल्ली यांसारखी आठ महानगरे ‘अ’ विभागात आणि उर्वरित देश ‘ब’ विभागात धरण्याची पद्धत आहे. आपली एमएच ३२ क्रमांकाची मोटार ‘ब’ विभागातली, म्हणजे थोडी स्वस्त. ज्या मोटारीचे सुटे भाग स्वस्त आणि सहज मिळणारे, तिचा हप्ताही सहसा सौम्य असतो. कॅशलेस गॅरेज वर्ध्यात आहे की थेट नागपुरात, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

दावा न केल्याची सवलत, अर्थात नो क्लेम बोनस, ही सावकाश वाढणारी ठेवच आहे. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के. एक दावा केला की ती शून्यावर येते. समजा, प्लॅस्टिकच्या बंपरचे ४,००० रुपयांचे नुकसान झाले. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा कापला जातो, त्यातून सक्तीचे १,००० रुपये वजा होतात. हाती उरतात १,०००. त्यासाठी ८,००० रुपयांच्या हप्त्यावरील ३५ टक्के, म्हणजे २,८०० रुपयांची सवलत घालवणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल? ही सवलत मोटारीची नसून मालकाची असते. जुनी मोटार विकली तरी ती नव्या मोटारीला लावता येते. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तर ती बुडते.

आता खास आपल्या वर्गासाठी दोन गोष्टी. पहिली, मोटार फर्मच्या नावावर घ्यावी की मुलाच्या? फर्मच्या नावावर घसाऱ्याचा लाभ मिळतो हे खरे. परंतु मोटारीच्या जीएसटीचे क्रेडिट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही, आणि मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा फर्म किंवा कंपनीच्या नावावरील मोटारीला घेता येत नाही. फर्मची मोटार असेल, तर चालवणाऱ्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खासगी मोटारीच्या पॉलिसीत नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालवाहतूक, तसेच भाड्याचा वापर वगळलेला असतो. नागपूरहून परतताना मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे किंवा किराण्याची पोती टाकून आणण्याची सवय आपल्यात सर्रास आहे. त्याच फेरीत अपघात झाला, तर कंपनीला दावा नाकारण्यास कारण मिळते. माल मालवाहू गाडीनेच आणावा. वाचलेले भाडे एका अपघातात कितीतरी पटींनी निघून जाते.

वर्धा नदीच्या परिसरात राहणाऱ्यांनी आणखी एक जाणावे. पुराच्या पाण्यात मोटार घालून इंजिनात पाणी शिरले, तर साध्या पॉलिसीत इंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची जोड घ्यावी लागते. पण खरे संरक्षण नाल्याला पूर आला असताना थांबण्यातच आहे.

काटकसर हा आपला संस्कार आहे आणि परिग्रह-परिमाण हे आपले व्रत. गरजेपुरती, लहान इंजिनाची मोटार निवडली, तर दोन्ही साधतात. मुक्तागिरी, भद्रावती किंवा शिरपूरच्या यात्रेला चौघांचे कुटुंब लहान मोटारीतूनही सुखाने जाते. मात्र काटकसर थर्ड पार्टी विम्याच्या बाबतीत करू नये. विमा नसल्याचा पहिला दंड २,००० रुपयांचा आहे, पण तो गौण. आपल्या हातून रस्त्यावरचा एखादा सायकलस्वार जायबंदी झाला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई आपल्या दुकानातून आणि घरातून द्यावी लागते. आणि ऐपत नसेल, तर त्या जखमी माणसाचे कुटुंब उघड्यावर पडते. विमा असेल, तर मृत्यू किंवा इजा झाल्यास ही जबाबदारी रकमेच्या मर्यादेशिवाय कंपनी उचलते. सूक्ष्म जीवांची काळजी घेणाऱ्या समाजाने रस्त्यावरच्या माणसाची ही तरतूद कर म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून करावी.

मोटारीच्या पूजेला नारळ आणताना पॉलिसीची एक प्रतही घरात आणावी, आणि मुलाने ती स्वतः एकदा वाचावी. किल्ली त्यानंतर त्याच्या हाती द्यावी.