अवघडपणाचा गुन्हा

व्हिडिओ गेमसारख्या विषयावर दिवाळी अंकात लिहायचे, तर लेखकाने आरंभी वाचकांची क्षमा मागावी अशी एक रीत पडून गेली आहे. मी ती मागणार नाही. ज्या भाषेत तमाशावर आणि सर्कशीवर गंभीरपणे लिहिले गेले, त्या भाषेला या विषयाचा विटाळ होईल असे मला वाटत नाही. शिवाय माझी तक्रार खेळाविषयी नाहीच. ती टीकेविषयी आहे. एका खेळाचा निवाडा करताना टीकाकारांनी आपले काम सोडून दुकानदाराचे काम पत्करले, आणि ते इतकी वर्षे इमानेइतबारे चालवले, एवढेच मला सांगायचे आहे. ही खोड फक्त खेळांच्या टीकेपुरती नाही हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको.

प्रकरण असे आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जपानी खेळ १९८५ च्या सप्टेंबरात आला. मिशीवाला एक प्लंबर डावीकडून उजवीकडे धावतो, खड्ड्यांवरून उड्या घेतो, कासवांच्या पाठीवर पाय देतो, अळंबी खाऊन मोठा होतो आणि स्टेजच्या शेवटी खांबावरचा झेंडा खाली ओढतो. आठ जगे, प्रत्येकात चार स्टेज. नव्वदीच्या दशकात लहान असलेला आणि मारिओ न पाहिलेला परभणीकर कोणी मला दाखवून दिला, तर मी त्याचा सत्कार करीन. या खेळाचा दुसरा भाग जपानात ३ जून १९८६ रोजी निघाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ही जोडी दोन्ही भागांच्या मागे होती. दुसऱ्या भागाच्या वेष्टनावरच छापले होते की हा खेळ पट्टीच्या खेळाडूंसाठी आहे. म्हणजे पाटी दारावर लावलेली होती. फसवणूक झाली असे म्हणायला कोणाला जागा नव्हती.

आत काय होते? चित्रे जवळजवळ तीच, मारिओ तोच, झेंडाही तोच. बदलली होती ती खेळणाऱ्याची खात्री. पहिल्या भागाने हाताला एक सवय लावली होती, की अळंबी दिसली की धावायचे. दुसऱ्या भागाने पहिल्याच स्टेजमध्ये एक विषारी अळंबी ठेवली. दिसायला जवळजवळ तशीच, रंगाचा काय तो फरक. धावला तो गेला. पहिल्या भागात चोरवाटेचा पाईप तुम्हाला पुढच्या जगात नेई. इथे तिसऱ्या जगात सापडणारा एक पाईप तुम्हाला परत पहिल्या जगात आणून सोडतो. पहिल्या भागात नळाशेजारी उभे राहिले की आतले मांसभक्षक रोपटे बाहेर येत नसे. इथे पुढच्या जगांतले तांबडे रोपटे तुमची भीडमुर्वत न ठेवता वर येते. वारा सुटतो आणि मारिओला पुढे ढकलतो. स्प्रिंगवरून मारलेली उडी पडद्याच्या वर जाते, आणि तो कुठे उतरणार हे अदमासाने ठरवावे लागते. भाऊ लुइजी आधी नुसता हिरव्या कपड्यातला मारिओ होता. आता तो उंच उडतो पण थांबताना घसरतो. पहिल्या भागाने जे जे शिकवले, ते ते दुसऱ्या भागाने उलटे तपासून घेतले. जपानात या चकतीच्या सुमारे २५ लाख प्रती खपल्या.

अमेरिकेत मात्र ती गेलीच नाही. निन्टेन्डोच्या तिथल्या शाखेत हॉवर्ड फिलिप्स नावाचे गृहस्थ खेळ खेळून त्यांचा कस पाहत. त्यांना हा खेळ निष्कारण छळणारा वाटला. १९८३ साली तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, तो नुकता कुठे सावरत होता. तेव्हा नवे गिऱ्हाईक चिडवणे परवडणारे नव्हते. मग १९८७ चा एक भलताच जपानी खेळ घेतला, त्यातली माणसे काढून तिथे मारिओ आणि मंडळी बसवली, आणि १९८८ साली तो 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून अमेरिकेत विकला. त्यात मारिओ जमिनीतून भाज्या उपटतो. खेळ वाईट नाही. पण दत्तक मुलाला थोरल्याचे नाव द्यावे आणि खऱ्या धाकट्याला माजघरात कोंडावे, तसा तो व्यवहार झाला.

व्यापाऱ्याने असे करू नये असे मी म्हणत नाही. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक सांभाळावे लागते. माझा वाद पुढच्या लोकांशी आहे. या खेळाची हकिकत जो जो सांगतो, तो तो सुरुवातच अशी करतो की अवघड म्हणून हा खेळ रोखून धरला होता. एका कचेरीतला एका ऋतूचा हिशेब हाच खेळावरचा अभिप्राय होऊन बसला. पुढे परीक्षणे आली ती याच चौकटीत. कोणी म्हणाले, हा खेळच नव्हे, जुन्या खेळाची पुरवणी आहे. कोणी म्हणाले, हा निव्वळ क्रूरपणा आहे. अवघडपणातून काय निष्पन्न होते, हे विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

ते काय निष्पन्न होते हे मी परभणीत पाहिले आहे.

१९९६-९७ च्या सुमारास स्टेशन रोडजवळच्या एका बोळात एक पार्लर होते. पार्लर म्हणजे पत्र्याची खोली, दोन टीव्ही, त्यातला एक ब्लॅक अँड व्हाइट, आणि जपानी यंत्राची नक्कल केलेली दोन स्वस्त यंत्रे. अर्ध्या तासाला दोन रुपये. कॅसेटीही नकलीच असत. त्यातल्या एका कॅसेटवर नुसते 'मारिओ २' लिहिलेले होते, आणि ती मालक गल्ल्याच्या मागे ठेवी. मागितली की म्हणे, "कामून लावता ती? इच्यात मजा नाही. पोरगं धा मिन्टात उठतंय अन् उरलेले पैसे मागतंय." अमेरिकेतल्या कचेरीचा अभिप्राय आणि बोळातल्या मालकाचा अभिप्राय यांत मला तसूभर अंतर दिसत नाही. मालक निदान त्यातला स्वतःचा हिशेब लपवत नव्हता.

ती कॅसेट हट्टाने मागणारा एकच मुलगा होता. मोंढ्यातल्या हमालाचा पोरगा, माझ्याच वर्गातला. शाळेने त्याला 'याला काही झेपणार नाही' अशा सदरात कधीच टाकून दिले होते. पहिल्या दिवशी तो खेळलाच नाही म्हटले तरी चालेल. विषारी अळंबी किती वेगाने सरकते, कशाला आपटून वळते, हे पाहत नुसता उभा राहिला आणि मुद्दाम मेला. आम्ही हसलो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो वाऱ्याच्या स्टेजपाशी पोचला. पडद्यावर पाने उडताना दिसली की वारा आला, हे आम्हाला कोणालाच कळले नव्हते. तो म्हणाला, "वारं पाठीत घे, मंग उडी मार." आणि जो खड्डा आम्हाला अशक्य वाटत होता तो त्याने ओलांडला. त्या खड्ड्याची रुंदी वारा धरूनच बेतलेली होती. करणाऱ्याने तो असा केला होता की वाऱ्याशी भांडणारा पडेल आणि वारा वापरणारा पार होईल. स्प्रिंगवरून मारिओ दिसेनासा झाला की तो मोठ्याने आकडे मोजी आणि अमुक आकड्याला बटण दाबी. शाळेत पाढे न येणारा मुलगा!

आता टीकाकारांचा मुख्य आरोप पाहू. ते म्हणतात, खेळ अन्यायी आहे. अन्याय कशाला म्हणावे? ज्या ठिकाणी आज जो नियम, त्या ठिकाणी उद्या तो नसेल, तर अन्याय. या खेळात विषारी अळंबी रोज त्याच विटेतून निघते, स्प्रिंग रोज तितकाच वेळ वर ठेवते. मेलात तर काय चुकले ते तुम्हाला ठाऊक असते. खेळ आपल्या शब्दाला जागतो. एवढेच की तो शब्द दोनदा समजावून सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मी कबूल करतो. काही खड्ड्यांवर अदृश्य विटा आहेत. उडी बरोबर मारली तरी डोके हवेतल्या न दिसणाऱ्या विटेला लागते आणि माणूस खाली जातो. मेल्याशिवाय ती वीट तिथे आहे हे कळायला मार्ग नाही. हा खोडसाळपणा आहे, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण या चार विटा हातात घेऊन सबंध इमारत पाडायला निघणे, हेही टीकेचे काम नव्हे.

आमच्याकडे गावच्या जत्रेत कुस्त्या होतात. आरंभी लहान पोरांच्या, नारळावरच्या. दुपार कलू लागली की जोडी वाढत जाते, आणि मानाची कुस्ती शेवटी लागते. ती पाहून 'ही लहान पोरांना झेपणार नाही, सबब रद्द करा' असे कोणी पंच म्हणाला, तर त्याचा फेटा जागेवर राहील का? दुसरा मारिओ ही शेवटची कुस्ती होती, आणि तसे वेष्टनावर लिहिले होते. टीकाकारांनी तिला नारळाची फूटपट्टी लावली.

पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. १९९३ साली चार खेळांच्या एका संग्रहात हा खेळ अखेर अमेरिकेत दाखल झाला. नाव दिले 'द लॉस्ट लेव्हल्स', म्हणजे हरवलेल्या पातळ्या. हरवलेल्या कसल्या, ठेवून दिलेल्या! या आवृत्तीत विषारी अळंबीला असे रूप दिले की ती विषारी आहे हे आंधळ्यालाही दिसावे. मेल्यावर त्याच स्टेजपासून पुन्हा सुरू करण्याची सोय झाली. १९९९ साली हातातल्या छोट्या यंत्रासाठी जी आवृत्ती निघाली, तिच्यात वारा काढला, लुइजीचे वेगळेपण काढले, आणि नववे जग व त्यापुढची चार जगे वगळली. मूळ चकतीवरचा खेळ पाश्चात्त्य गिऱ्हाइकाला २००७ साली विकत मिळाला, म्हणजे २१ वर्षांनी. तोवर मते पक्की होऊन गेली होती. वारा काढलेल्या खेळावरही 'अवघड' हा शिक्का कायमच होता. शिक्का मारणाऱ्यांनी वारा अंगावर घेतला होता की नाही, हे कोणी विचारले नाही.

मराठीत हे नाटक आपण पाहिलेले आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या, त्यानंतर दुर्बोधतेवर जी रणे माजली त्यांत कितीतरी जण स्वतःला कळले नाही असे म्हणतच नव्हते. ते म्हणत होते, सामान्य वाचकाला कळणार नाही. हा सामान्य वाचक साक्षीला कधी आला नाही. त्याच्या वतीने नेहमी वकीलच बोलतो, आणि वकिलाला ती कविता बहुधा आवडलेली नसते.

२०२५ च्या सप्टेंबरात हाच खटला पुन्हा उभा राहिला. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातल्या मूठभर लोकांनी केलेला 'हॉलो नाइट : सिल्कसाँग', हा २०१७ च्या खेळाचा दुसरा भाग, इतक्या लोकांनी एकदम घ्यायला धाव घेतली की विक्रीची दुकाने काही काळ कोलमडली. स्तुती झालीच, पण आठवडा उलटायच्या आत वाद एकाच गोष्टीवर आला. शत्रूच्या एका फटक्यात दोन प्राण जातात, विसाव्याच्या काही बाकांवरही पैसे मोजावे लागतात, हे फार कठीण आहे! करणाऱ्यांनी आरंभीच्या काही लढती थोड्या सौम्य केल्या. तो त्यांचा अधिकार, आणि कदाचित योग्यही असेल. मला खटकले ते परीक्षणांतले वाक्य: 'मला जमले, पण सर्वांना जमेल असे नाही.' महाराज, तुम्हाला जमताना तुमच्यात काय बदलले ते लिहा की! सर्वांची काळजी सर्वजण घेतील.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून हे मला जरा जास्त लागते. पाठ्यक्रमाच्या एका बैठकीत एक जुना, अवघड उतारा गाळायचे ठरले. कारण सांगितले गेले, 'आपल्या भागातल्या मुलांना झेपणार नाही.' ज्या भागात जनाबाई जन्मली आणि बी. रघुनाथ लिहिते झाले, त्या भागातल्या मुलांना! मी विचारले, मुलांना विचारले का? सगळे माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी अदृश्य विटेला डोके आपटले. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आम्ही हसत सांगतो. ती आमच्यासाठी बाहेरच्यांनी ठरवलेली पातळी आहे हे हसण्याच्या भरात विसरतो. उतारा गाळला गेला. त्याच्या जागी जो आला, त्यावर एकाही विद्यार्थ्याने मला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही.

माझा तो मित्र आता जिंतूर रोडला मोटारी रिवाइंड करतो. जळालेली पाण्याची मोटार उघडून, वेटोळे मोजून, तार नव्याने भरायची, असे ते काम. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो असता मी त्याला सांगितले की आठव्या जगानंतर, पाईपची चोरवाट एकदाही न घेता सगळे पार केले तर नववे जग लागते. तो म्हणाला, ते त्याने तेव्हाच पाहिले होते. मग मी सांगितले की त्याच्याही पुढे आणखी चार जगे होती, पण मूळ खेळात ती उघडायला सबंध खेळ आठ वेळा जिंकावा लागे. जपानी चकती जिंकलेला हिशेब लक्षात ठेवायची. आपल्या कॅसेटला ती सोय नव्हती, म्हणजे यंत्र बंद न करता आठ वेळा सलग.

त्याने हातातली तार खाली ठेवली आणि थोडा वेळ खरोखरच हिशेब केला.

"जमलं असतं," तो म्हणाला. "पण परभणीत इतका येळ लाईट कवा होती?"